मारेस की स्कूबाप्रो? आधी कॉम्प्रेसर कुठे ठेवलाय ते सांगा

पोस्ट मोठी आहे. मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर ज्यांचं पोट आहे त्यांनी आणि सुट्टीत पोराबाळांना घेऊन स्कूबाला येणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी स्क्रोल करून पुढे गेलं तरी राग नाही.

विषय असा. आपल्याकडच्या आठ पोरांनी मिळून स्कूबाचा धंदा सुरू करायचं ठरवलंय. बोट एकाच्या काकाची आहे, दोघांचा कोर्स झालाय, कर्जाची फाईल बँकेत आहे. सामानासाठी त्यांनी दोन कोटेशन मागवली. एक इटलीच्या मारेसच्या सेटचं, दुसरं स्कूबाप्रोचं, आणि दोघांत जवळजवळ दीडपट फरक. तिसरं एक कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवरच आलं, कंपनीचं नाव नसलेल्या सामानाचं, पहिल्याच्या निम्म्या भावात. गेले आठ दिवस ग्रुपवर नुसता शिमगा चाललाय. एक म्हणतो स्कूबाप्रो म्हणजे बुलेट, दुसरा म्हणतो मारेस म्हणजे स्प्लेंडर, अ‍ॅव्हरेज बघ. शेवटी मला मेसेज आला, "भाऊ, कंपनी खयची घेवची ता सांगा, बाकीचा आमी बघतो."

ते "बाकीचा" काय असतं, त्यासाठीच हे लिहितोय. माझ्या मते कंपनीचा प्रश्न अर्ध्या तासात सुटणारा आहे आणि जीव अडकतो तो त्या "बाकीच्या"त.

तरी आधी कंपन्यांचं सांगतो, कारण त्याशिवाय पोरं पुढचं वाचणार नाहीत.

पाण्याखाली श्वास घ्यायचं आज जे यंत्र आहे, ते १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी चालतं केलं. अ‍ॅक्वालंग हे नाव तिथलं. पुढे त्याच नावाची कंपनी झाली. बरीच वर्षं ती एअर लिक्विड या फ्रेंच गॅस कंपनीकडे होती, २०१६ मध्ये विकली गेली. ब्रिटनमधल्या ब्लॅकबर्नची एपेक्स याच घरातली, थंडगार पाण्यात न गोठणाऱ्या रेग्युलेटरसाठी नावाजलेली. क्रेसी ही जिनोव्हाची, १९४६ पासूनची, अजून त्याच कुटुंबाकडे. मारेस पण इटलीचीच, १९४९ ची. आज ती हेड या कंपनीची आहे, टेनिसच्या रॅकेटवर नाव दिसतं तीच हेड. स्कूबाप्रो १९६३ ची, अमेरिकेत सुरू झालेली. तिची मालक जॉन्सन आउटडोअर्स. आपल्या काही तांडेलांनी फिश फाइंडरवर हमिंगबर्ड हे नाव पाहिलं असेल, ते त्याच मालकाचं.

हे सगळं सांगायचं कारण, या पाचांपैकी एकही कंपनी रद्दी माल विकत नाही. युरोपात रेग्युलेटर विकायचा तर ईएन २५० नावाचं मानक पार करावं लागतं, आणि हे सगळे ते पार करतात. "ह्या कंपनीचा रेग्युलेटर घेतला आणि माणूस गेला" असली कथा सांगणारा बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीचा एजंट असतो.

मग फरक कशात? तर पैसे कशाचे मोजताय त्यात.

रेग्युलेटरचे दोन भाग. सिलेंडरवर बसतो तो पहिला टप्पा. तो २०० बारचा दाब खाली आणून साधारण नऊ-दहा बारवर ठेवतो. तोंडात धरतो तो दुसरा टप्पा, तो आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाला जुळवून हवा देतो, तुम्ही ओढाल तेव्हाच. पहिल्या टप्प्याची रचना साधी असेल, ज्याला अनबॅलन्स्ड पिस्टन म्हणतात, तर सिलेंडर रिकामा होत आला की श्वास ओढायला थोडा जड जातो. बॅलन्स्ड असेल तर शेवटपर्यंत सारखा. स्कूबाप्रोचा एमके टू हा साधा पिस्टन आणि एमके पंचवीस हा बॅलन्स्ड. एकाच कंपनीचे दोघे, किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून नुसतं "स्कूबाप्रो घेतला" म्हणणं म्हणजे "टाटाची गाडी घेतली" म्हणण्यासारखं. कुठली? नॅनो की सफारी?

आता आपला धंदा काय आहे ते बघा. किल्ल्याच्या आसपास, पाच-सात मीटर पाण्यात, इन्स्ट्रक्टरने धरून ठेवलेला पर्यटक, दहा-पंधरा मिनिटं. सिलेंडर अर्ध्यावर येण्याआधी माणूस वर. तिथे एमके पंचवीसचा उपयोग तेवढाच, जेवढा बाजारातून मासे आणायला सफारीचा. महागडे रेग्युलेटर ज्या दोन गोष्टींसाठी पैसे मागतात त्या म्हणजे खोली आणि थंडी. दहा अंशांखालच्या पाण्यात रेग्युलेटर गोठून सतत हवा सोडायला लागतो, तो गोठू नये याची सगळी इंजिनिअरिंग. आपल्याकडे पाणी पंचवीस-तीस अंशांचं. गोठायची भीती सोडा, वेटसूट घातलेला इन्स्ट्रक्टर बोटीवर घामाने निथळतो.

एका गोष्टीत मात्र महाग रेग्युलेटर आपल्याला कामाचा आहे. आपलं पाणी गढूळ. पिस्टनच्या रचनेत समुद्राचं पाणी आतल्या स्प्रिंगपर्यंत जातं, आणि त्याबरोबर बारीक वाळू, गाळ, मीठ. बंदिस्त डायफ्रॅमचा पहिला टप्पा, जसा एपेक्सचा, त्यात हे आत शिरत नाही. म्हणजे पिस्टन स्वस्त, पार्ट कमी, उघडायला सोपा, पण रोज गोड्या पाण्यात भिजवून धुवावाच लागणार. डायफ्रॅम महाग, पार्ट जास्त, पण गाळाला दाद देत नाही. ज्याच्या बोटीवर किंवा शेडमध्ये गोड्या पाण्याचं पिंप नाही आणि संध्याकाळी दमल्यावर सामान धुवायला माणूस नाही, त्याने स्वतःशी प्रामाणिक राहून डायफ्रॅम घ्यावा. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे प्यायच्या पाण्याची काय बोंब असते ते मी वेगळं सांगायला नको. रेग्युलेटरची निवड पाण्याच्या टँकरवर अवलंबून असते, हे कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये तुम्हाला वाचायला मिळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, सर्व्हिस.

रेग्युलेटर एक-दोन वर्षांनी किंवा शंभर डाइव्ह झाल्यावर, यातलं जे आधी होईल तेव्हा, उघडून आतले ओ-रिंग, सीट, फिल्टर बदलायचे, असं किंवा याच्या जवळपासचं काहीतरी कंपन्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. हे लिहिलंय वर्षाला वीस-तीस वेळा पाण्यात जाणाऱ्या हौशी माणसासाठी. आपल्याकडे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एक सेट दिवसाला आठ पर्यटक करतो. हिशोब करा. शंभर डाइव्ह तेरा दिवसांत संपल्या. आपली डाइव्ह छोटी म्हणून तीन धरा, चार धरा. तरी दोन महिन्यांत सर्व्हिसची वेळ आली. पूर्ण सिझनमध्ये तीन-चार वेळा.

आपल्याकडे किती जण करतात? एका शेडमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "चलता मां, मगे कित्याक उघडूचा?" चालतंय ते बंद पडेपर्यंत चालतंच, हे आउटबोर्ड इंजिनाला ठीक आहे. इंजिन बंद पडलं तर दुसरी होडी येऊन ओढून नेते. पाण्याखाली ओढून न्यायला कोण येणार?

म्हणून पोरांनो, कोटेशनवर किमतीचा आकडा बघायच्या आधी विक्रेत्याला फोन लावून विचारा. ह्या मॉडेलचं सर्व्हिस किट तुमच्याकडे आज शेल्फवर आहे का? किती दिवसांत मिळतं? सर्व्हिस कोण करणार, त्याच्याकडे त्या कंपनीचं टेक्निशियन सर्टिफिकेट आहे का? मुंबईला की गोव्याला की पार पाँडिचेरीला पाठवायचं? कुरिअरने जायला यायला किती दिवस? तेवढे दिवस बदली सेट देणार का? बहुतेक कंपन्या सुटे पार्ट फक्त अधिकृत डीलरला देतात, त्यामुळे तुमच्या कंपनीचा डीलर उद्या उठून दुसरी एजन्सी घेऊन बसला तर तुमचे आठ सेट शोभेचे झाले. मारेसचा डीलर चार दिवसांत सर्व्हिस करून देत असेल आणि स्कूबाप्रोचा चाळीस दिवसांत, तर तुमच्यासाठी मारेस चांगली. उलट असेल तर उलट. तुलनेत मी तरी याला पहिला नंबर देईन.

आणि आठही सेट एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे घ्या. चार क्रेसी, दोन मारेस, दोन कुणाचे तरी सेकंडहँड असं केलंत की चार प्रकारचे किट, चार प्रकारची हत्यारं. एकच मॉडेल असलं तर एक खराब सेट बाजूला ठेवून त्याचे पार्ट दुसऱ्याला लागतात. एसटीच्या डेपोत हे गणित सगळ्यांना कळतं.

तिसऱ्या कोटेशनचं, त्या निनावी सामानाचं. स्वस्त म्हणून मी वाईट म्हणणार नाही. पण युरोपच्या कायद्यात रेग्युलेटर हे जिवाच्या धोक्यापासून वाचवणाऱ्या वर्गातलं उपकरण आहे, त्यामुळे त्याच्यावर नुसतं सीई एवढं पुरत नाही. सीईच्या पुढे तपासणाऱ्या संस्थेचा चार आकडी नंबर लागतो, आणि शेजारी ईएन २५०. २०१४ नंतरच्या मानकात 'ए' हे अक्षर पण आलंय, ईएन २५०ए. म्हणजे एकाच पहिल्या टप्प्यावर दोन माणसं एकदम श्वास घेऊ शकतात याची परीक्षा झालीय. आपल्याकडे इन्स्ट्रक्टरची जास्तीची नळी पर्यटकाच्या तोंडात द्यायची वेळ कधीही येते, त्यामुळे हा 'ए' बघाच. नुसते दोन अक्षरांचे सीई तर खेळण्यातल्या बंदुकीवर पण असतात. त्या विक्रेत्याला रेग्युलेटरच्या धातूवर कोरलेल्या अक्षरांचा जवळून काढलेला फोटो मागा. खोक्याचा फोटो पाठवला तर विषय संपला.

एवढं कंपन्यांचं. आता ज्याच्यावर कुणीच भांडत नाही ते.

पर्यटकाच्या छातीत जी हवा जाते ती मारेसची नसते आणि स्कूबाप्रोचीही नसते. ती तुमच्या शेडमागच्या कॉम्प्रेसरची असते. जर्मनीचा बावर घ्या नाहीतर इटलीचा कोल्ट्री घ्या, दोन्ही चांगले. पण वीज जाते म्हणून पेट्रोल-डिझेलवर चालणारा घेतलात, आणि त्याचा हवा ओढायचा पाइप त्याच्याच धुराड्याच्या वाऱ्याखाली ठेवलात, तर तुम्ही सिलेंडरमध्ये कार्बन मोनॉक्साइड भरताय. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. श्वासाच्या हवेचं युरोपचं मानक, ईएन १२०२१, सांगतं की दहा लाख भागांत पाच भागांपेक्षा जास्त तो नको. आणि पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे त्याचा मारा पण दुप्पट.

त्याची लक्षणं काय? डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं. आणि आपल्याकडे पर्यटक वर येऊन उलटी करायला लागला की सगळे काय म्हणतात? "बोट लागली." लिंबू देतात, झाला विषय. शंभरातल्या नव्व्याण्णवांना खरंच बोट लागलेली असेल. पण ज्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेची कधी तपासणीच झाली नाही, त्याने शंभरावा कसा ओळखायचा?

कॉम्प्रेसरच्या फिल्टरला तासांची मर्यादा असते. आतला कोळसा तेलाची वाफ आणि वास धरतो, दुसरा थर ओलावा शोषतो, आणि काही फिल्टरमध्ये कार्बन मोनॉक्साइड निकामी करणारा थर असतो. पुस्तिकेतले तास थंड देशातल्या हवेवर काढलेले असतात. उष्ण, दमट हवेत फिल्टर लवकर भरतो. कोकणच्या एप्रिलमध्ये तर किती लवकर, त्याचा तक्ता त्याच पुस्तिकेत मागच्या पानांवर असतो. ते पान मी दोन शेडमध्ये उघडून दाखवलं. दोन्हीकडे पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदाच बाहेर आली होती. कॉम्प्रेसर सुरू केल्याच्या आणि बंद केल्याच्या वेळेची वही कुठेच नव्हती. शंभर रुपयांची वही!

सिलेंडरचं थोडक्यात. आपल्याकडे बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे 'ऐंशी'चे, ११ लिटरचे, दोनशे-सात बारपर्यंत भरायचे. त्यात २२०० लिटरच्या आसपास हवा मावते. त्याच्या खांद्यावर, व्हॉल्व्हच्या खाली, दाबाच्या चाचणीची तारीख ठोकलेली असते. पाण्याच्या दाबाची ही चाचणी साधारण पाच वर्षांनी करायची, आणि आतून डोळ्यांनी तपासणी दरवर्षी. आपल्या देशात सिलेंडरच्या नियमांचा कारभार पेसोकडे, आणि तिचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला. काही हौशी मंडळी सिझनच्या आधी सिलेंडरला पिवळाधमक रंग मारतात. जाड थर, तारखेसकट. दिसायला नवा कोरा. सेकंडहँड घेणाऱ्याने खांद्यावरचा रंग खरवडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालक खरवडू देत नसेल तर तो सिलेंडर घेऊच नका.

छोट्या गोष्टी छोट्या म्हणून सुटतात. तोंडात धरायचा रबराचा तुकडा, माउथपीस. घाबरलेला पर्यटक तो कडाकडा चावतो, फाटतो. तो ज्या प्लास्टिकच्या पट्टीने बांधलेला असतो ती तुटली तर रेग्युलेटर निसटतो आणि रबर तेवढं तोंडात राहतं. माणसाला वाटतं हवा येतेय आणि येतं पाणी. ती पट्टी हार्डवेअरच्या दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळते. माउथपीस एका माणसाच्या तोंडातून काढून दुसऱ्याच्या तोंडात देताना समुद्राच्या पाण्यात बुचकळायची पद्धत आहे, तिच्याबद्दल तर मी काही बोलतच नाही, करोनानंतरही बोलायची वेळ यावी हेच कठीण. मास्कचा ब्रँड बघू नका. काच कडक केलेली हवी आणि कडा सिलिकॉनची. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास ओढला की चिकटून राहिला पाहिजे, एवढीच परीक्षा. मिशीवाल्यांना कुठल्याही कंपनीचा मास्क गळतोच, त्याला इटली जबाबदार नाही.

आता सार्वजनिक बाजू, जिच्यासाठी ही पोस्ट लिहायची माझी खरी इच्छा होती.

मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. दोघांचा जीव गेला. त्यात रेग्युलेटरचा काही संबंध नव्हता, कंपनीचा तर नव्हताच. पाण्याखालून सुखरूप वर आलेली माणसं किनाऱ्याजवळ गेली. त्यानंतर बैठका झाल्या, लाइफ जॅकेटवर बोलणं झालं, ते बरोबरच होतं. पण पाण्याखालच्या सामानाची तपासणी कोण करतो, हा प्रश्न तेव्हाही बाजूला राहिला. बोटीला मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं, नोंदणी आली. कागद भरपूर आहेत. पण शेडमध्ये येऊन "कॉम्प्रेसरची वही दाखव, हवेच्या तपासणीचा रिपोर्ट दाखव, सिलेंडर आडवा कर, तारीख बघू दे" असं म्हणणारा माणूस मी अजून माझ्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. आणि मी या किनाऱ्यावर बातम्या गोळा करत फिरतोय त्याला अठरा वर्षं झाली.

दुसरीकडे योजनांचं बघा. चांदा ते बांदा झाली, मग सिंधुरत्न आली. अशा योजनांतून सामान द्यायचं म्हटलं की सगळ्यांचं लक्ष नगावर. इतके सेट वाटले, फोटो काढला, बातमी लागली. (अशा बातम्या मी पण लावतो, तो धंद्याचा भाग आहे.) सरकारी खरेदीत कमीत कमी दर ज्याचा तो जिंकतो. आता विचार करा, दर फक्त सेटचा मागितला तर सर्व्हिसवाला हरणार आणि खोकेवाला जिंकणार. त्याच निविदेत "तीन वर्षांची सर्व्हिस, किटसकट, सात दिवसांत, जिल्ह्याच्या आत" एवढी एक ओळ घातली तर गणित उलटं होतं. कुठल्याही ब्रँडचं नाव घालायची गरज नाही, आणि ब्रँडचं नाव घातलं म्हणून कोर्टात जायची कुणाला संधी नाही.

माझं तर म्हणणं आहे, दोन वर्षं नवे सेट वाटूच नका. त्या पैशात मालवणात एक दुरुस्तीचं वर्कशॉप काढा आणि हवा तपासायची सोय करा. आपल्या बाजारात आउटबोर्डचा मिस्त्री दहा मिनिटांत मिळतो. कार्ब्युरेटर डोळे मिटून उघडणारी पोरं आहेत आपल्याकडे. त्यांच्यासाठी रेग्युलेटर काही चंद्रावरची वस्तू नाही. पण त्यांना कंपनीचं प्रशिक्षण, नीट हत्यारं आणि दाब मोजायचं बाक मिळालं पाहिजे. कंपन्या डीलरच्या माणसांसाठी असे कोर्स घेतात. एमटीडीसीची डायव्हिंगची संस्था तारकर्लीतच उभी आहे. तिथे डायव्हर घडतात, तसे चार मेकॅनिकपण घडू देत. मेअखेर ते ऑगस्टअखेर जलक्रीडा बंद असते, ती चांगली तीन महिने मोकळी. होड्या शाकारून ठेवतो तेव्हाच सगळ्यांचे रेग्युलेटर उघडले, सिलेंडर चाचणीला गेले, तर सप्टेंबरला धावाधाव नाही.

आणि हे आजच करायचं कारण आहे. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' निवतीजवळ समुद्रात बसवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प सरकारने हातात घेतलाय. तो पूर्ण झाला की गिऱ्हाईक बदलेल. आज किल्ल्याजवळ पाच मीटरवर चालून जातं, अगदी बोटीवर सिलेंडर ठेवून लांब नळीने हवा देतात तेही खपून जातं. बुडवलेल्या जहाजापाशी ते खपणार नाही. तिथे येणारा माणूस कोर्स केलेला असेल, स्वतःचा सुंटो नाहीतर शिअरवॉटरचा डाइव्ह कॉम्प्युटर मनगटाला बांधून येईल, आणि बोटीवर चढायच्या आधी हवेचा रिपोर्ट मागेल. आपल्या पोरांकडे तो नसेल तर तो गोव्याच्या ऑपरेटरला घेऊन येईल, आणि आपली पोरं बोट भाड्याने देत बसतील. समुद्र आपला, जहाज आपल्या दारात, आणि पैसा दुसऱ्याचा. रापणवाल्यांच्या बाबतीत असंच झालेलं आपण पाहिलंय.

पर्यटकांना पण दोन शब्द. तुम्ही जेट्टीवर उतरता, दहा एजंट घेरतात, आणि तुम्ही बाराशेचं नऊशे, नऊशेचं सातशे करता. फार आनंद होतो. त्या सातशेतून एजंटचं कमिशन, होडीचं डिझेल, तांडेल, इन्स्ट्रक्टर, व्हिडिओवाला एवढे भागतात. मागे जे उरतं त्यातून फिल्टर येतो. उरलं नाही तर येत नाही. भाव करायचा तर व्हिडिओचा करा, तो नाही काढला तर काही बिघडत नाही. आणि "कुठल्या कंपनीचा सेट आहे?" असं विचारून हुशारी दाखवू नका, त्याचं उत्तर इथे पाठ असतं. विचारा की सिलेंडरवरची तारीख कुठली. गेज बघायला मागा, पाण्यात जाताना आणि वर येताना. पन्नास बारच्या खाली काटा गेलेला दिसला तर त्या बोटीचं नाव मला कळवा.

तर पोरांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दोन्ही डीलरना वर लिहिलेले प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर चालतील. तुम्ही मला सांगितलंय त्यावरून मारेसवाला गोव्यात बसतो आणि आठवड्यात सर्व्हिस करून देतो म्हणतो. ते त्याने लिहून दिलं तर मारेस घ्या, पण आठाऐवजी सहाच सेट. उरलेल्या दोन सेटच्या पैशात पहिल्या सिझनची सर्व्हिस, सहा जादा फिल्टर आणि कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक हातातलं यंत्र बसतं. बँकेचा साहेब म्हणेल की प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आठ सेट आहेत. त्याला मी येऊन भेटतो, सोमवारी चालेल.

आणि ज्या ऑपरेटरकडे गेल्या सहा महिन्यांतला हवेच्या तपासणीचा रिपोर्ट आहे, त्यांनी त्याचा फोटो खाली टाका. तुमच्या बोटीची जाहिरात या पेजवर पूर्ण सिझन फुकट करीन. तीन वर्षांपूर्वी एकदा हेच आवाहन केलं होतं, तेव्हा दोन फोटो आले होते.